गवत काढा, पण माती घालवू नका

बंगला बांधून झाला, कंपाउंडला रंग लागला, फाटकावर नावाची संगमरवरी पाटी बसली, की आमच्या बेळगावात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "लॉन कधी टाकताय?" भाजीचा वाफा कधी घालताय, आळी कुठे करताय, असे कोणी विचारत नाही. विचारले तर ते खेडवळ वाटते. आणि आता गेल्या चार-पाच वर्षांत वारा फिरला आहे. ज्यांनी लॉन टाकले तेच ते काढायला निघाले आहेत. कोणाला घरची भाजी हवी आहे, कोणाला पाण्याचे गणित परवडेनासे झाले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण ती ज्या रीतीने चालली आहे ती पाहून मला गप्प बसवत नाही. आपण गवत काढतो आहोत असे समजून लोक आपल्या दारातली माती घालवत आहेत. आणि हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. हा मूर्खपणा मी स्वतः केला आहे. शाळेत सदतीस वर्षे विज्ञान शिकवून झाल्यावर केला आहे, म्हणून त्याची लाज जास्त.

आमच्या घरापुढे सहाशे चौरस फुटांची मोकळी जागा. सासूबाई होत्या तोवर तिथे एक बोट जमीन रिकामी नसे. न्हाणीचे पाणी अळवाला, भांडी घासलेले पाणी केळीला, कडेने गवती चहा, मधे लाल माठ आणि मिरच्या, कुंपणावर वालाचा वेल, देवापुरती अबोली आणि जास्वंद. २००४ साली त्या गेल्या. २००६ मध्ये मुलाचे लग्न निघाले आणि घरात सर्वांनी ठरवले, की पाहुण्यांच्या डोळ्यांना हे जंगल बरे दिसणार नाही. सर्वांत मीही आले. एका नर्सरीतून गवताचे गालिचे आले, चौकोनी तुकडे, फरशा बसवाव्यात तसे बसवले गेले. त्या तुकड्यांखाली दोन बोटे माती होती. ती कोणाच्या शेतातली, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आज पडतो. कोणीतरी आपल्या रानाचे वरचे कातडे सोलून माझ्या दारात विकले होते. आणि मी ते माझ्या सासूच्या चाळीस वर्षे शेण-राख घालून पोसलेल्या मातीवर अंथरले.

हिरवळीची ही हौस मुळात आपली नाही, हे सांगायला संशोधन लागत नाही. इंग्लंडात बारमाही भुरभुर पाऊस, थंड हवा. तिथे गवत आपले आपण वाढते, आणि ते विळ्याने किंवा मेंढ्यांच्या तोंडाने आखूड राखत. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने गवत कापायचे यंत्र केले आणि मग मध्यमवर्गीयांच्या दारातही हिरवळ आली. आमच्याकडे ती साहेबाच्या पाठोपाठ कॅम्पातल्या बंगल्यांपुढे आली. साहेब गेला, हिरवळ राहिली. इथे चार महिने धो धो पाऊस आणि नंतर कोरडे ऊन. एप्रिल-मेमध्ये हिरवळ हिरवी ठेवायची तर दर चौरस मीटरला रोज पाचएक लिटर पाणी हवे. माझ्या सहाशे चौरस फुटांचा हिशोब होतो रोज पावणेतीनशे लिटरच्या आसपास, म्हणजे अठरा घागरी. नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि मी संध्याकाळी पाइप धरून गवताला अठरा घागरी पाजते आहे! त्यातून एक काडी आमटीत घालायला मिळत नाही, की एक फूल देवाला मिळत नाही. सासूबाईंनी हे पाहिले असते तर काय म्हटले असते, ते इथे छापता येणार नाही.

एवढे पाजूनही ते विकतचे गवत टिकले नाही ते नाहीच. पाच-सात वर्षांत हरळी आणि लव्हाळा यांनी अर्ध्याहून अधिक जागा घेतली. हरळी तर कुंपणाखालूनच आली. आम्ही सीमाभागातली माणसे. रेघ कुठून मारली आणि तिच्या अलीकडे-पलीकडे काय उगवले, याची चर्चा १९५६ पासून आमच्या घराघरांत चालू आहे. पण हरळीइतका रेघेचा अनादर मी कोणाचा पाहिला नाही. ती जमिनीवरून धावते, जमिनीखालून धावते, आणि प्रत्येक पेराला नवी मुळे सोडते.

२०२३ च्या पावसाळ्यात मी ठरवले, की आता पुरे, पुन्हा वाफे करायचे. एका नर्सरीच्या माणसाला बोलावले. त्याने सांगितलेला उपाय आज गावोगाव सांगितला जातो, म्हणून नीट ऐका. आधी तणनाशक मारायचे. गवत पिवळे पडले, की वरचा चार इंचांचा थर मुळांसकट सोलून ट्रॉलीत भरून न्यायचा. मग लाल माती विकत आणून ओतायची, सपाट करायची आणि रोपे लावायची. "तीन दिवसांचं काम, बाई. तुम्ही फक्त बघत बसा." मी फक्त बघत बसले. हेच चुकले.

गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी उघडीप मिळाली आणि त्याने अर्ध्या जागेवर फवारा मारला. तणनाशक आज मारले तर गवत उद्या मरत नाही. आठवडाभर ते हिरवेच दिसते. विष आतून मुळांकडे जात असते. हे मला पुस्तकाने माहीत होते, पण डोक्यात राहिले नाही. चतुर्थीच्या आदल्या सकाळी शेजारच्या अक्का नेहमीप्रमाणे आल्या. त्यांच्या माहेरची भाषा कन्नड, आमची मराठी. मधल्या भिंतीला पस्तीस वर्षे दोन्ही भाषा पाठ आहेत. दर वर्षी त्या आमच्या भिंतीकडेच्या हरळीतून दूर्वा खुडतात. आपल्याकडे दूर्वा, त्यांच्याकडे करकी. गणपती एकच, गवतही एकच. मी बाहेर येईपर्यंत त्यांच्या ताटलीत दहा-बारा जुड्या झाल्या होत्या आणि धाकटा नातू शेजारी बसून दूर्वांचे कोंब दातांनी तोडून देत होता.

मी ओरडले. अक्का दचकल्या. "एनातरी टीचर? काय झालं?"

मी सांगितले. त्यांनी ताटली खाली ठेवली. नातवाला नळावर नेऊन त्याचे तोंड आणि हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले. पोराला काही झाले नाही, हे आधीच सांगते. त्या मला रागाने काही बोलल्या असत्या तर बरे झाले असते. जाताना एवढेच म्हणाल्या, "काढायचं होतं तर काढायचं, टीचर. मारायचं कशाला? आमी तर याला पूजा करतोय."

हे वाक्य माझ्या घशात काट्यासारखे अडकून राहिले आहे.

आता कोणी म्हणेल, बाईंनी भावनेचा प्रश्न केला. तर भावना बाजूला ठेवू. ज्या औषधाचा फवारा असा सर्रास मारतात ते ग्लायफोसेट. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसांत बहुधा कर्करोगकारक' अशा गटात टाकले. काही देशांच्या नियामक संस्थांना हे निदान मान्य नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून, कीडनियंत्रणाचे प्रशिक्षण घेतलेल्या अधिकृत लोकांखेरीज कोणी ते वापरू नये असे बंधन घातले. माझ्याकडे आलेल्या माणसाजवळ कसला परवाना होता, हे मी विचारले नाही. त्याच्या हातात मोजे नव्हते, पायांत स्लिपर होत्या. ज्या अंगणात मूल रांगते, मांजर लोळते, शेजारीण दूर्वा खुडते, तिथे हे मारायचे, आणि कशासाठी? तर खुरपे धरायला लागू नये म्हणून!

दुसरी गोष्ट मातीची. ही तर निव्वळ अंकगणित आहे, चौथीच्या मुलाला येईल असे. तीनशे चौरस फूट जागा, चार इंच खोल. गुणाकार करा : शंभर घनफूट. बांधकामवाल्यांच्या भाषेत एक ब्रास. वजन साडेतीन टनांच्या आसपास. हे गवताचे वजन नव्हे, गवत त्यात मूठभर. हे वजन मातीचे, आणि मातीतही वरच्या चार इंचांचे, म्हणजे जिच्यात सगळा जीव असतो त्या थराचे. मुळे, बुरशी, जिवाणू, गांडुळे, कुजलेला पाला हे सगळे वरच्या वीतभरात नांदते. डार्विनने १८८१ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, गांडुळांवर एक पुस्तक लिहिले. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एका एकरात गांडुळे दर वर्षी दहा टनांहून अधिक माती आपल्या पोटातून काढून वर आणतात, असा हिशोब त्याने त्यात मांडला. एवढा मोठा शास्त्रज्ञ अखेरच्या वर्षांत गांडुळांपुढे बसून राहिला, आणि आम्ही ती फौज ट्रॉलीत भरून नाल्याच्या काठी नेऊन ओतली. इंचभर सुपीक माती व्हायला शतके लागतात. ट्रॉली भरायला अडीच तास लागले. मी घड्याळ पाहिले होते.

बदल्यात आलेली लाल माती दिसायला सुरेख. पण ती कुठल्या तरी टेकडीच्या पोटातली, न कसलेली, निर्जीव. पहिल्या पावसात तिचा वरचा थर वाळून पापडासारखा झाला. भेंडी वीतभर वाढून थांबली. आणि महिन्याभरात तिच्यातून हिरवे भाले वर आले. लव्हाळा! त्याच्या गाठी जमिनीत वीत वीत खोल, एकीला एक दोऱ्याने जोडल्यासारख्या असतात. वरचे चार इंच सोलून त्याला काय होणार? गेली ती माती, राहिला तो लव्हाळा. पैसे देऊन मी नेमके उलटे काम करून घेतले होते.

उरलेल्या अर्ध्या जागेचे काम मी २०२४ च्या उन्हाळ्यात वडगावकडून येणाऱ्या एका वयस्क मजूर बाईंबरोबर केले. त्यांचे आयुष्य भाताच्या शिवारात गेलेले. त्यांनी जागा पाहिली, खाली बसून गवताला हात लावला आणि म्हणाल्या, "बाई, हितं तीन गवतं हाईत. तिघांना एकच औषध कसं चालंल?" सदतीस वर्षांच्या माझ्या विज्ञानात हे वाक्य नव्हते. त्यांनी शिकवले ते असे :

जिथे विकतचे मऊ गवत शिल्लक होते तिथे खणायचेच नाही. फावडे आडवे धरून फूट-फूट रुंदीचे ढलपे मोकळे करायचे आणि तिथल्या तिथे पालथे घालायचे, मुळे वर, पाते खाली. त्यावर वर्तमानपत्रांचे आठ-दहा पदर, कडा एकमेकांवर चढवून, पाण्याने भिजवून. त्यावर शेण, त्यावर पालापाचोळा, उसाचे पाचट. उजेड मिळाला नाही की हे गवत दोन-अडीच महिन्यांत कुजते आणि स्वतःच खत होते. आमच्या घरी मराठी वर्तमानपत्राची रद्दी होती, अक्कांनी त्यांच्याकडची कन्नड रद्दी आणून दिली. दोन्ही एका वाफ्याखाली शेजारी शेजारी अंथरली. गांडुळांनी दोन्ही सारख्याच आवडीने संपवली.

हरळीला मात्र कागदाने भागत नाही. ती कडेने वाट काढते. तिला मार्च-एप्रिलच्या उन्हातच गाठायचे. आदल्या संध्याकाळी जमीन भिजवायची, सकाळी कुदळीने ढेप उचलायची आणि ती फावड्याच्या काठावर आपटून माती तिथेच पाडायची. माती जागची हलता कामा नये, हातात फक्त मुळ्या यायला हव्यात. त्या मुळ्या बुट्टीत भरून गच्चीवर उन्हात टाकायच्या. पंधरा दिवसांनी काडी मोडल्यासारखी कटकन मोडली तरच ती मेली असे समजायचे, आणि मग खुशाल खतात घालायची. यंत्राने नांगरून घेऊ नका. यंत्र एका मुळीचे पन्नास तुकडे करते आणि हरळीला तेच हवे असते.

लव्हाळ्याला एकच औषध, चिकाटी. पाते उपटायचे नाही, दोरा धरून गाठीपर्यंत जायचे. दर आठवड्याला, एक पूर्ण वर्ष. त्या गाठी वाळवून हुंगून पाहा. दिवाळीच्या पहाटे उटण्यात जो नागरमोथा आपण अंगाला चोळतो, त्याच कुळीचा हा वास. उटण्याचे पाकीट दुकानातून आणायचे आणि तोच वास अंगणात उगवला की त्यावर विष मारायचे, असा आपला शहाणपणा.

आणि शेवटी कड. वाफा आणि गवत यांच्यामध्ये विटा किंवा कौले रोवून लोकांना वाटते, बंदोबस्त झाला. हरळी विटेखालून जाते. विटेऐवजी सहा इंच खोल चर हवा, वाफ्याच्या बाजूने सरळ उभा कापलेला, गवताच्या बाजूने उतरता. हरळीची मुळी चराच्या तोंडाशी आली की हवेत लोंबकळते आणि दिसते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी विळा फिरवायचा. चराच्या आतल्या अंगाला गवती चहा दाट लावायचा. सासूबाईंनी कडेने गवती चहा का लावला होता, हे मला त्यांच्या मागे वीस वर्षांनी कळले. मला वाटायचे, चहासाठी.

यावर जे आक्षेप येतात तेही ऐकले आहेत. पहिला : एवढे कष्ट कोण करणार? उत्तर : दोन ट्रॉलींच्या पैशांत दोन बायकांची आठ दिवसांची मजुरी सहज निघाली असती. पैसा तोच, फक्त तो कोणाच्या हातात जातो एवढाच फरक. दुसरा : भाजी बाजारात मिळते. मिळते ना! पाणीही बाटलीत मिळते, म्हणून कोणी विहीर बुजवत नाही. निदान बुजवू नये. तिसरा : मुलांना खेळायला हिरवळ हवी. जरूर ठेवा. जिथे मुले खरोखर खेळतात तिथे गवतासारखे अंथरूण नाही. पण ज्या लॉनवर 'पाय देऊ नये' अशी पाटी असते, ते कोणत्या मुलांसाठी?

चौथा आक्षेप वजनदार आहे. एक विद्यार्थी, आज स्वतः प्राध्यापक, मला म्हणाला, "बाई, शहापूर-वडगावचं बासमती पिकवणारं शिवार प्लॉट पाडून संपत चाललंय, आणि तुम्ही तीनशे फुटांच्या अंगणावर लेख लिहिता?" त्याचे म्हणणे खरे आहे. पण मला वाटते, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्या माणसाला आपल्या दारातली एक ब्रास माती जाताना काही वाटत नाही, त्याला शिवार जाताना काय वाटणार? कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. ते गणिताचे प्राध्यापक, पण माती, पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश यांचा हिशोब त्यांनी सामान्य माणसाच्या हातात दिला. दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसे जगेल, याचे गणित त्यांनी मांडले. आपल्याजवळ दहा गुंठे नसतील, दहा फूट आहेत. मोठ्या प्रश्नाशी भांडायची ताकद लहान जागेतल्या सवयीतूनच येते.

कन्नडात एक म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ला'. परसातले झाड औषधाला चालत नाही, म्हणजे जवळचे आपल्याला कवडीमोल वाटते. आपल्याकडे 'पिकते तिथे विकत नाही' म्हणतात. दोन भाषांनी एकच चूक वेगवेगळ्या शब्दांत सांगून ठेवली आणि आपण दोन्ही भाषा येत असूनही ती करतच आलो.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीनंतर कोणी लॉन काढणार असेल तर मला तिन्हीच मागण्या मागायच्या आहेत. फवारा दारात येऊ देऊ नका. मातीने भरलेली ट्रॉली फाटकाबाहेर जाऊ देऊ नका. आणि आपल्या अंगणात कोणकोणती गवते आहेत, हे आधी खाली बसून पाहा. उभ्याने पाहिले तर सगळे हिरवेच दिसते.

माझ्याकडे आज दोन वाफे शेजारी शेजारी आहेत. हाताने केलेल्या वाफ्यात यंदा अळू, दोडका, मिरची आणि वाल झाले. अळवाची पाने गल्लीत वाटली. ट्रॉलीच्या मातीचा वाफा अजून लंगडतो आहे. त्याला मी शेण, पाला, रद्दी घालते आहे, चार-पाच वर्षांत सावरेल. तो मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

आणि भिंतीकडेला तीन फुटांची हरळीची पट्टी मी राखली आहे, चर मारून. तिला पाणी घालत नाही, औषध तर नाहीच. चतुर्थीच्या आदल्या सकाळी अक्का येतात. पहिल्या वर्षी फाटकाशी थांबून त्यांनी आधी विचारले, "काय मारलं नाही न्हवं, टीचर?" मी नाही म्हटले. तरी त्यांनी नातवाला लांबच बसवले आणि दूर्वा घरी नेऊन दोनदा धुतल्या. गेलेली माती मी शेण घालून भरून काढीन. अक्कांच्या मनातला तो प्रश्न जायला किती वर्षे लागतील, ते मात्र मला सांगता येत नाही.